बारोलो-कियांती सोडून इटलीत काय प्यावं? कमी माहितीच्या वाईन सुचवा

अबोली
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं सोळा दिवस इटलीला चाललोय. भाऊ तोरीनोला असतो, तिथे उतरायचं आणि मग ट्रेनने खाली खाली सरकत नेपल्सपर्यंत जायचं, एवढंच ठरलंय. चर्च, म्युझियम सगळं बघणारच आहोत पण धागा त्यासाठी नाही.

गेल्या दिवाळीत भाऊ आला तेव्हा एक बाटली घेऊन आला होता, लेबलवर नाव 'रुके'. मला वाटलं असेल एखादी साधी रेड. बूच काढून ग्लासात ओतली आणि अख्ख्या स्वयंपाकघरात गुलाब! अत्तराचा नाही, देवाला वाहिलेली गुलाबाची फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्यात काढताना हाताला जो वास लागतो ना, तो. आणि मागून मिरी. मी इतकी वर्षं अधूनमधून वाईन पिते पण असं काही कधी नाकाला लागलं नव्हतं. भाऊ म्हणाला ही आस्तीजवळच्या पाच-सात गावांतच होते, पुढे कोणाला माहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की अशा अजून किती असतील? दुकानात बघावं तर बारोलो, कियांती, प्रोसेको, अमारोने, फिरून फिरून तीच नावं. तुमच्यापैकी बरेच जण तिकडे राहताय, जाऊन आलाय. कुठे काय प्यावं, कसं मागावं, सगळं सांगा. भाषा येत नाही, बजेट मध्यम.

चिंगी
मी पहिली! बस्तान मांडून बसलेय, लिहा लवकर.

तोरीनोकर
अबोली, तुमचा भाऊ माझा शेजारी निघाला तर आश्चर्य वाटणार नाही, इथे मराठी माणसं मोजकीच आहेत.

रुकेची गोष्ट ऐका. कास्तान्योले मोंफेर्रातो नावाचं गाव आहे, आस्तीहून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. १९६० च्या दशकात तिथल्या चर्चला डॉन जाकोमो काउदा नावाचे पाद्री आले. चर्चच्या मालकीच्या मळ्यात बाकीच्या वेलींमध्ये थोड्या रुकेच्या वेली होत्या. लोक तिची वाईन घरच्यासाठी करायचे, सणासुदीला काढायचे, विकायचं कोणाच्या मनातही नव्हतं. या पाद्रीबुवांनी निव्वळ रुकेची वाईन करून बाटल्या भरायला सुरुवात केली आणि ते बघून गावातले बाकीचे लावायला लागले. १९८७ ला डीओसी मिळालं, २०१० ला डीओसीजी. डीओसी म्हणजे कुठल्या गावांत, कुठल्या द्राक्षाची, कशी करायची याचे कायद्याने बांधलेले नियम, आणि डीओसीजी ही त्यावरची पायरी, बाटलीच्या गळ्याला नंबर असलेली कागदी पट्टी दिसते ती.

पण ती संपत का आली होती तेही बघा. युद्धानंतर मोंफेर्रातोच्या टेकड्यांवरची तरुण पोरं तोरीनोला फियाटच्या कारखान्यात गेली. मळ्यात उरले म्हातारे. जी वेल कमी माल देते ती काढायची आणि जी भरभरून देते ती लावायची, हा सरळ हिशोब झाला. चवीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

तोरीनोहून अजून एक, पांढरी: तिमोरास्सो. तोर्तोनाच्या टेकड्यांवरची. १९८० च्या दशकात जवळजवळ नामशेष होती, मोनलेआले गावच्या वाल्तेर मास्साने ती पुन्हा उभी केली. लेबलवर बऱ्याचदा 'देर्तोना' लिहितात, ते तोर्तोनाचं जुनं नाव. पांढरी असून पाच-सात वर्षं ठेवली तर मधासारखी, चकमकीच्या दगडासारखी होत जाते. घाई करून पिऊ नका, फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, अतिथंड असताना काहीच कळत नाही.

सडेतोड
थोडा विरोधी सूर लावतो. कमी माहितीच्या वाईन कमी माहितीच्या राहतात त्याला बहुतेक वेळा कारण असतं. बारोलो उगीच मोठी झालेली नाही. मी तीन वेळा इटलीत गेलोय आणि 'आमच्या आजोबांची हरवलेली जात' म्हणून गळ्यात मारलेल्या निदान दहा बाटल्या प्यायलोय. त्यातल्या दोन चांगल्या, बाकी आंबट पाणी. पहिल्यांदा जाताय तर आधी मोठ्या नावांतली एक तरी नीट प्या, मग गल्ल्यांत शिरा. सोळा दिवस म्हणजे फार नाहीत.

तोरीनोकर
@सडेतोड, दहातल्या दोन चांगल्या निघाल्या हे मला पटतं, बारोलोच्याही दहात दोनच जीव ओवाळून टाकाव्यात अशा असतात. फरक एवढाच की तिथे आठ चुकलेल्यांचे पैसे तिप्पट जातात :)

मोदेनावासी
अबोली, तोरीनो-नेपल्स म्हणजे वाटेत मोदेना. उतराच.

लांब्रुस्को ऐकलं असेल, लाल आणि फसफसणारी. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत तिची गोडमिट्ट आवृत्ती प्रचंड खपली आणि नाव खराब झालं ते अजून धुतलं गेलेलं नाही. इथे लोक पितात ती कोरडी, गोड नाही. मागताना 'सेक्को' म्हणायचं. सोर्बारा गावची फिकट, जवळजवळ गुलाबी आणि चांगलीच आंबट, तर कास्तेलवेत्रोची ग्रास्पारोस्सा जांभळी, दाट, जिभेला थोडी घट्ट धरणारी.

ही अशी का आहे ते इथलं जेवण जेवल्यावर कळतं. मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), डुकराच्या चरबीत तळलेला न्योक्को फ्रित्तो (आपल्या पुरीचा चौकोनी भाऊ समजा), वर चीज. दोन घास खाल्ले की तोंडात चरबीचा थर बसतो आणि मग ती थंडगार आंबट फसफस एका घोटात सगळं धुऊन काढते, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. माझी आई आली होती तेव्हा मी घरी कोंबडी-वडे केले आणि सोर्बारा उघडली. आई आयुष्यात पहिल्यांदा वाईन प्यायली आणि म्हणाली, "सोलकढीचं काम करते की गं ही." मला त्याहून चांगलं वर्णन अजून सापडलेलं नाही.

चिंगी
आईंना माझा नमस्कार सांगा. सोलकढी!! आता मला हवीच.

निफाडचा_बागायतदार
मी वाईन फारशी पीत नाही, पण द्राक्ष बागायती तीन पिढ्यांची आहे म्हणून धागा अधाशासारखा वाचतोय. मोदेनावासी ताई, एक विचारायचं होतं. त्या सोर्बाराच्या बागेबद्दल कुठेतरी वाचलं होतं की घडात मणी नीट भरत नाहीत. खरं का?

मोदेनावासी
अगदी खरं दादा. सोर्बाराचा स्वतःचा पराग कामाचा नसतो, फूल मादीसारखंच वागतं. म्हणून मध्ये मध्ये सालामिनो नावाच्या दुसऱ्या लांब्रुस्कोच्या ओळी लावतात, तिच्या परागावर हिचं फळ धरतं. तरीही घड विरळच. शेजारचे शेतकरी सांगतात की फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस लागला तर वर्ष गेलंच.

निफाडचा_बागायतदार
म्हणजे वेल स्वतःच्या जिवावर फळ धरत नाही, माल कमी, पावसाचा धोका, तरी त्यांनी ती ठेवली. आमच्याकडे असली जात दुसऱ्या वर्षी कुऱ्हाडीखाली गेली असती.

गेलीच आहे म्हणा. आमच्या आजोबांच्या बागेत भोकरी होती, फकडी होती, पांढरी साहेबी होती. मग बिनबियांची थॉमसन आली, पुढे तिच्यातूनच निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका आली, एक्स्पोर्ट आलं. बी असलेलं द्राक्ष गिऱ्हाईक हातात धरेना. चूक कोणाची नाही, आम्हाला कर्ज फेडायचं होतं. पण विहिरीच्या मांडवावर भोकरीचा एक वेल वडिलांनी ठेवला होता, त्याचा आंबटगोड लांबट मणी मला अजून आठवतो, साल जाड आणि दाताखाली बी कटकन फुटायचं. १९८६ ला विहीर रुंद केली तेव्हा तो वेल गेला. आमच्यात त्याची काडी कोणी जपून ठेवली नाही. तोरीनोकर साहेब, तुमचे ते पाद्रीबुवा वाचताना मला तोच वेल दिसत होता.

माई_७१
निफाडचे दादा, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या नाशिकच्या वाड्यात पाटीवाली 'भोकरीऽऽ' म्हणून ओरडत यायची.

मी पीत नाही, पण माझा एक बाळबोध प्रश्न आहे. द्राक्षाच्या रसाचं तिकडे दारूशिवाय काही करतात का?

मोदेनावासी
माई, प्रश्न मुळीच बाळबोध नाही! ताजा रस मंद आचेवर तासन् तास आटवून आटवून त्याची 'साबा' करतात, रंगाने, दाटपणाने अगदी आपली काकवी. थंडीत गोडाच्या पदार्थांत घालतात. आणि असाच आटवलेला रस लाकडी पिंपांत, दरवर्षी मोठ्या पिंपातून लहान पिंपात बदलत, किमान बारा वर्षं ठेवला की इथलं पारंपरिक बाल्सामिक होतं. पूर्वी घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपं लावायची पद्धत होती. साबाची बाटली अबोलीबरोबर तुमच्यासाठी पाठवता येईल, त्यात मद्य नाही.

तोरीनोकर
@निफाडचा_बागायतदार, तुम्हाला आवडेल असं अजून एक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा युरोपात आला आणि सगळे मळे बसले. उपाय एकच निघाला, अमेरिकन खुंटावर कलम. आज युरोपातले बहुतेक वेल कलमीच आहेत. पण काही कोपरे सुटले. व्हॅले द'ओस्तात मोर्जे गावी हजार-बाराशे मीटर उंचीवर, मोंब्लांच्या पायथ्याशी, प्रिए ब्लां नावाचं पांढरं द्राक्ष अजून स्वतःच्या मुळांवर आहे, एवढ्या थंडीत किडा पोचलाच नाही. सार्डिनियात सुल्चिसला वाळूमुळे वाचले, तिथली कारिन्यानो. एटनाच्या उतारावर ज्वालामुखीच्या राखेमुळे वाचलेले जुने वेल सापडतात.

निफाडचा_बागायतदार
आमच्याकडे डॉगरिज खुंट आला तो किड्यामुळे नाही, खारट जमीन आणि पाणीटंचाईमुळे. पण काम तेच, मुळं एकाची आणि घड दुसऱ्याचे. अबोली ताई, एक काम कराल का? तिकडे मळ्यात गेलात तर पानाचा वरून-खालून फोटो काढा, आणि मांडव कसा आहे, दोन ओळींत अंतर किती, छाटणी कुठवर घेतात तेही बघा. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. त्यांच्याकडे थंडीत वेल झोपतो म्हणून एकच. भुरी-डावणी हे बुरशीचे रोग मात्र दोघांच्याही राशीला.

अकलूजकर
मांडवावरून आठवलं, उत्तरेला त्रेंतिनोत अगदी आपल्यासारखा मांडव असतो, त्याला पेर्गोला म्हणतात. तिथली तेरोल्देगो ही काळीकुट्ट रेड जमली तर प्या, एलिझाबेत्ता फोरादोरी या बाईंनी तिला पुन्हा नाव मिळवून दिलं.

आणि आमच्या गावाचा अभिमान म्हणून सांगतो, अकलूजजवळ मोटेवाडीत इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली, नावाचा अर्थच 'भाऊ'. तिथे कियांतीचं सांजोवेझे द्राक्ष लावलंय. निघण्याआधी ती एकदा पिऊन जा, म्हणजे एकच द्राक्ष सोलापूरच्या उन्हात काय होतं आणि तोस्कानात काय होतं ते जिभेला कळेल.

सडेतोड
त्याच धर्तीवर, नाशिकची झिनफांदेल आणि दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांताची प्रिमितीवो हे एकच द्राक्ष आहे, डीएनए चाचणीत सिद्ध झालंय. मूळ क्रोएशियाचं.

आणि तोरीनोकर, तिमोरास्सोबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. माझ्या दोन चांगल्यांपैकी एक तीच होती. दुसरी माँतेफाल्कोची साग्रांतीनो. ही इतकी तुरट की पहिला घोट घेतल्यावर कच्च्या जांभळांनी जीभ धरावी तसं होतं. रिकाम्या पोटी अजिबात पिऊ नका, मटणाबरोबरच. रोम-अँकोना लाईनवर फोलिन्योला उतरलात की माँतेफाल्को जवळ.

त्रिएस्तेचा_पोस्टडॉक
मी त्रिएस्तेच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत दोन वर्षं होतो. अबोलीच्या वाटेवर त्रिएस्ते येत नाही हे माहीत आहे, तरी लिहितो, कारण हे मी कोणाला सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही.

शहराच्या वर कार्सो म्हणून चुनखडीचं पठार आहे. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना घरची वाईन आठ दिवस घरूनच विकायची परवानगी दिली. स्लोव्हेनियन भाषेत ओसेम म्हणजे आठ, त्यावरून नाव पडलं ओस्मित्सा. आजही चालू आहे. पण आज कोणाकडे उघडी आहे ते कसं कळणार? रस्त्याच्या वळणावर खांबाला हिरव्या पानांची फांदी बांधलेली असते, खाली लाल बाण. त्या बाणाच्या मागे चालत जायचं. बाण संपतात तिथे कोणाचं तरी अंगण, लाकडी बाकं, आणि मेन्यू म्हणजे उकडलेली अंडी, घरचं हॅम, चीज, ब्रेड. वाईन दोनच, पांढरी वितोव्स्का आणि लाल तेर्रानो. काचेच्या सुरईत आणून ठेवतात.

मी पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबरचा रविवार होता, पीएचडीनंतरचं पहिलंच वर्ष, पेपर नाकारला गेला होता आणि घरची खूप आठवण येत होती. बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन. त्यांनी अंडं सोललं, मीठ लावलं आणि निम्मं मला दिलं. वितोव्स्काला खारट-खारट चव होती, खाली समुद्र दिसत होता. वेंगुर्ल्याच्या आमच्या मागच्या पडवीत बसल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी ठरवलं की दोन वर्षं पूर्ण करायची.

चिंगी
पोस्टडॉक, हे फार सुंदर लिहिलंयत. त्या आजोबांना पुन्हा भेटलात का?

त्रिएस्तेचा_पोस्टडॉक
हो, त्याच अंगणात अजून दोनदा. दोन्ही वेळा अंडं अर्धं अर्धं.

दर्यावर्दी
जहाजावर होतो तेव्हा नेपल्सला बऱ्याचदा लागायचो, म्हणून शेवटच्या टप्प्याचं मी सांगतो.

नेपल्सहून लोकलने आवेर्साला जा. तिथे आस्प्रिनियो नावाचं पांढरं द्राक्ष आहे आणि त्याचे वेल पॉपलरच्या झाडांवर चढवलेले असतात, पंधरा मीटरपर्यंत! हिरव्या भिंती उभ्या केल्यासारखं दिसतं. आपण नारळाच्या झाडावर मिरी चढवतो तसंच, फक्त काढणीला उंच अरुंद शिडी लावून माणूस वर जातो आणि टोपली दोरीने खाली सोडतो. टोपलीचं बूड टोकदार असतं, म्हणजे ती जमिनीत रुतून उभी राहते, कलंडत नाही. वाईन लिंबासारखी झणझणीत आंबट, तळलेल्या माशाबरोबर किंवा मोझारेल्लाबरोबर दुसरं काही नको.

मागायचं कसं विचारलंत, तर छोट्या खानावळीत बाटली मागूच नका. 'उन क्वार्तो' म्हणजे पाव लिटर, 'मेद्झो लित्रो' म्हणजे अर्धा. घरची सुटी वाईन येते, ती त्याच गावची असते. आणि सोबत विचारायचं, 'के ऊवा ए?', कुठलं द्राक्ष आहे? एवढं विचारलं की खानावळवाला स्वतः येऊन बसतो, हा माझा दर वेळचा अनुभव.

तोरीनोकर
सगळ्यांचं जुळवून अबोलीसाठी वाट: तोरीनो, आस्ती (रुके), मोदेना (लांब्रुस्को), मग अँकोनाकडे जाऊन येझी. तिथल्या वेर्दिक्कियो या पांढऱ्या वाईनबरोबर शेजारच्या मोर्रो द'आल्बा गावची लाक्रिमा घ्याच. लाक्रिमा म्हणजे अश्रू. साल इतकी नाजूक की पिकल्यावर मणी फुटून रस थेंब थेंब गळतो. तुम्हाला रुके आवडली ना, हिलाही गुलाबाचाच वास, पण हा गुलकंदाचा. (पिएमोंतेतल्या आल्बाशी त्या गावाचा संबंध नाही, भलत्या ट्रेनमध्ये बसाल.) मग फोलिन्यो, रोम, नेपल्स, आवेर्सा. विमानात येताना माणशी दोन लिटर मद्य बिनशुल्क आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन आणि गोड वाईनची एखादी ५०० मिलीची. बाटल्या मोज्यांत घालून चेक-इनच्या बॅगेत.

अबोली
काय लिहू! प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय. येऊन सांगते.

अबोली
आलो! परवा पोचलो, जेट लॅग आहे पण आधी इथे.

कास्तान्योलेत गेलो तेव्हा काढणी उरकली होती, तळघरात रस आंबत होता. दार उघडल्याबरोबर तोच वास, फक्त गरम आणि ओला, आणि खालून बुडबुड्यांचा बारीक आवाज, कान लावला तर उकळत्या वरणासारखा. मालकीणबाईंनी पिंपातून थेट काढून दिली, गढूळ, अर्धी गोड. वेर्दिक्कियो झाली, लाक्रिमा आणली, साग्रांतीनोने जीभ खरंच धरली. माई, साबाची बाटली माझ्याकडे आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. दर्यावर्दी काका, 'के ऊवा ए' फोलिन्योत विचारलं आणि आम्हाला पावणेबारापर्यंत उठू दिलं नाही!

आवेर्सात काढणी चालू होती. निफाडचे दादा, पानांचे वरून-खालून बावीस फोटो पाठवलेत. शिडीवरच्या माणसाला मी खुणेने विचारलं, एवढ्या उंच कशाला? त्याने खाली उतरून जमिनीकडे बोट केलं, तिथे कोबी लावला होता. खाली भाजी, वर द्राक्ष. मग खिशातली कात्री काढून त्याने मला एक घड कापून दिला. साल जाड होती दादा, आणि आत बी.

सडेतोड
छान वृत्तांत. लाक्रिमा माझी राहिली आहे, पुढच्या वेळी येझीला उतरतो.

निफाडचा_बागायतदार
फोटो मिळाले ताई, घरात सगळ्यांनी बघितले, आई त्या शिडीच्या फोटोवरून हलेना. खाली भाजी आणि वर वेल म्हणजे आमच्या वडिलांच्या मांडवाखालची मेथीच की.

हा धागा चालू असताना मी चार ठिकाणी विचारत सुटलो होतो. पिंपळगावकडे एका आजींच्या परसात गोठ्याच्या छपरावर जुना वेल आहे, बी असलेला, लांबट मण्याचा. भोकरीच असावी असं दोन म्हाताऱ्यांनी सांगितलंय. आजी म्हणतात छाटायला कोणी येत नाही, तूच ये. सोमवारी कात्री आणि ओलं गोणपाट घेऊन जातोय. बांधाला डॉगरिजचे चार खुंट रिकामे ठेवलेत, काडी मिळाली की त्याच दिवशी कलम भरतो.